पिकअपचा टायर, त्यातली हवा आणि घाटाचा रस्ता



गळीत हंगाम सरत आला की आपल्या भागातल्या वाहनांचे काम बदलते. उसाचे ट्रॅक्टर-ट्रेलर अंगणात विसावतात आणि पिकअपला मात्र उसंत मिळेनाशी होते. हिवाळ्यात जिने उसाचे बेणे, खताची पोती आणि ठिबकच्या नळ्या वाहिल्या, तीच गाडी मार्चपासून हापूसच्या पेट्या भरून घाट चढू लागते. घाटाखालच्या ज्या सभासदांची विजयदुर्ग, गिर्ये, पडेल बाजूला कलमे आहेत, किंवा ज्यांच्या घरच्या गाड्या बंदरावरची मासळी उचलतात, त्यांच्याकडून एक प्रश्न नेहमी येतो : "टायर किती प्लायचा घ्यावा आणि हवा किती मारावी?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या उत्तरावर गाडी, माल आणि गाडीतली माणसे अवलंबून आहेत. विजयदुर्गाहून तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा करीत कोल्हापूर गाठायचे म्हणजे एका बाजूस समुद्राची पातळी आणि दुसऱ्या बाजूस सुमारे ७०० मीटर उंचीचा माथा. जाताना आंबा किंवा मासळी, येताना गूळ, भाजीपाला, पशुखाद्य. चढणही भरलेली आणि उतरणही भरलेली. म्हणून या विषयाची नीट माहिती सोप्या भाषेत द्यावी असे आम्ही ठरविले.

वजन पेलते कोण?

पुष्कळांची समजूत अशी की गाडीचे वजन टायरचे रबर पेलते. तसे नाही. रबर आणि त्यातील धागे ही एक मजबूत पिशवी आहे. वजन पेलते ती पिशवीत कोंडलेली हवा.

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असे. तिथे वजन लाकूड आणि लोखंडच पेलायचे, आणि ओल्या रानात चाक रुतून बसायचे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे हीच युक्ती आपल्याकडे बैलगाडीलाही आली आणि ऊसतोडीच्या हंगामात 'टायरगाडी' हा शब्द घरोघरी रुळला. बैल तेच, ऊस तोच, पण ओढ हलकी झाली.

आता थोडा हिशेब. टायरमध्ये ६५ पौंड हवा आहे याचा अर्थ दर चौरस इंचावर ६५ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटीमीटरला साधारण साडेचार किलो दाब. त्या टायरवर ९५० किलो वजन आले, तर ते तोलण्यासाठी टायरचा सुमारे २१० चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला टेकावा लागतो. दीड-पावणेदोन पोस्टकार्डांएवढी जागा! हवा ४५ पौंडांवर उतरली तर तेच वजन तोलायला ३०० चौरस सेंटीमीटर जागा लागते. ती कुठून येणार? टायर खाली बसतो, त्याचे पोट बाहेर येते. दर फेऱ्याला ते पोट दबते आणि पुन्हा उचलते. पिकअपचा टायर एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतो. विजयदुर्ग ते कोल्हापूर अशा एका खेपेत हे दबणे-उचलणे साठ हजार वेळा होते. तार उलटसुलट वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच टायरच्या बाजूच्या भिंतीचे होते. ती आतून तापते, थर सुटतात आणि एके ठिकाणी टायर फुटतो. फुटल्यावर आपण दोष रस्त्यावरच्या दगडाला देतो. खरे कारण बहुतेक वेळा सकाळी न पाहिलेल्या हवेत असते.

टायरवरची अक्षरे वाचावीत

टायरच्या बाजूवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. पिकअपवर २१५/७५ आर १५ किंवा ७.०० आर १५ अशा मापाचे टायर नेहमी दिसतात. समजा एका टायरवर लिहिले आहे : २१५/७५ आर १५, ८ पी.आर., १११/१०९ एन.

यातील २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. पुढचे आकडे मात्र पुष्कळ जण वाचतच नाहीत, आणि आपल्या कामाचे नेमके तेच आहेत.

१११ हा भाराचा क्रमांक. हे किलो नव्हेत. प्रत्येक क्रमांकामागे ठरलेले वजन आहे : १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, १११ म्हणजे १,०९०, ११२ म्हणजे १,१२० आणि ११४ म्हणजे १,१८० किलो. हे वजन एका टायरचे. तिरप्या रेघेपुढचा १०९ (१,०३० किलो) हा आकडा मागे जोडटायर असलेल्या गाडीसाठी. साध्या पिकअपला मागे एकेकच टायर असतो, म्हणून आपण पहिला आकडा धरावा. 'एन' हे वेगाचे अक्षर, कमाल ताशी १४० किलोमीटर.

बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते : जास्तीत जास्त भार अमुक किलो, अमुक दाबाला. दाब कधी पौंडांत, कधी किलोपास्कलमध्ये दिलेला असतो. ४५० किलोपास्कल म्हणजे ६५ पौंड. या ओळीतले दोन्ही आकडे जोडीने वाचायचे असतात. १,०९० किलो पेलण्याचे वचन टायर देतो, पण पूर्ण ६५ पौंड हवा असेल तरच.

ठराविक चार आकडे टायरचे वय सांगतात. '२३२४' असेल तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी घेताना हे चार आकडे जरूर पाहावेत.

'प्लाय'ची भानगड

पूर्वी टायरच्या आत सुती धाग्यांचे थर असत. सहा थर म्हणजे सहा प्लाय, आठ थर म्हणजे आठ प्लाय. पुढे नायलॉन आले, मग पोलादी तारा आल्या. कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली, पण मोजण्याची भाषा जुनीच राहिली. आज '८ पी.आर.' म्हणजे आत मोजून आठ थर आहेत असे नाही. जुन्या आठ सुती थरांइतकी ताकद आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही हलक्या मालगाड्यांच्या टायरवर याच गोष्टीसाठी सी, डी, ई अशी अक्षरे असतात. सी म्हणजे ६ प्लाय, डी म्हणजे ८ आणि ई म्हणजे १०. त्यांचा नेहमीचा पूर्ण दाब अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पौंड असतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जास्त प्लाय म्हणजे जास्त हवा झेलण्याची ताकद, आणि त्या जास्त हवेमुळे जास्त वजन. त्याच मापाच्या १० प्लायच्या टायरात ८ प्लायचीच हवा ठेवली, तर तो वजनही जवळजवळ तेवढेच पेलतो. पैसे जास्त गेले, गाडी कडक झाली, पदरात काही पडले नाही. शिवाय ८० पौंड भरायचे तर आपली रिम आणि वॉल्व्ह तेवढ्या दाबाचे आहेत का, हेही पाहावे लागते. आणि टायर कितीही मजबूत घातला तरी पाटे, एक्सल, ब्रेक तेच राहतात. आरसी बुकात नोंदलेले एकूण वजन टायर बदलून वाढत नाही. नाकापेक्षा मोती जड करण्यात शहाणपण नाही.

आधी काटा, मग टायर

टायर निवडायचा तर आपल्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर किती वजन येते ते कळले पाहिजे. उसाचा काटा आपण किती बारकाईने पाहतो! तोच बारकावा आपल्या गाडीलाही लावावा. नेहमीचा माल भरून गाडी कोणत्याही वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग संपूर्ण गाडीचे करावे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की मागच्या एक्सलचे वजन मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा रिकामी गाडी ड्रायव्हरसह १,७५० किलो आहे : पुढे ९५० आणि मागे ८००. वीस किलोची एक याप्रमाणे ६० पेट्या, ताडपत्री, दोर आणि सोबतीचा गडी धरून १,२५० किलो चढले. हौद्यातले वजन बहुतांशी मागेच जाते. समजा ते मागे १,१०० आणि पुढे १५० असे पडले. आता पुढे १,१०० आणि मागे १,९०० किलो. मागच्या प्रत्येक टायरवर ९५० किलो आले.

१०६ क्रमांकाचा टायर बरोबर ९५० किलोचा. मग तो चालेल का? कागदावर चालेल, घाटात नाही. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर झुकते, खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर भार वाढतो, पेट्या एका बाजूला जास्त लागलेल्या असतात. म्हणून निदान १५ टक्के राखीव ताकद असावी. ९५० वर १५ टक्के म्हणजे सुमारे १,०९० किलो, अर्थात १११ क्रमांक. मात्र कंपनीने आपल्या गाडीसाठी सांगितलेल्या क्रमांकापेक्षा खालचा टायर कधीही घालू नये, हिशेब काहीही निघो.

आता याच गाडीत ६० ऐवजी ८५ पेट्या चढविल्या तर? ५०० किलो वाढले, त्यांतले समजा ४४० मागे गेले. मागच्या प्रत्येक टायरवर १,१७० किलो झाले. १११ क्रमांकाचा टायरही मागे पडला. जांभ्याच्या चिऱ्यांचे तर बोलायलाच नको. एक चिरा आकाराप्रमाणे पंचवीस ते पस्तीस किलोचा. पन्नास चिरे म्हणजे दीड टनाच्या घरात वजन, आणि हौदा पाहावा तर अर्धा रिकामा दिसतो! "अजून धा टाक, काय्येक होवचा नाय," हे वाक्य अशाच वेळी ऐकू येते.

जड माल केबिनच्या बाजूला, पुढे सरकवून लावावा. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेले की गाडीचे तोंड हलके होते, आणि चढावर स्टिअरिंग हाताला लागत नाही. कायद्याचेही पाहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे २ हजार रुपये दंड सांगितला आहे. पंचवीस पेट्यांच्या भाड्यात हे बसत नाही.

हवा किती?

पहिला नियम : दरवाजाच्या चौकटीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी, पुढच्या आणि मागच्या टायरांचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तेच प्रमाण मानावे. पुढे कमी, मागे जास्त, हे त्यात दिसेल, कारण वजनच तसे आहे. चारही टायरांत एकच आकडा भरणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

दुसरा नियम : टायरवर छापलेल्या दाबाच्या वर जाऊ नये.

तिसरा नियम : कमी हवा म्हणजे कमी टायर. हवा २० टक्क्यांनी उतरली की वजन पेलण्याची ताकद साधारण १५ टक्क्यांनी उतरते. वरच्या उदाहरणातला १,०९० किलोचा टायर ६५ ऐवजी ५२ पौंडांवर चालवला, तर तो ९२५ किलोंच्या आसपासच पेलतो. आपल्या गाडीचे वजन तर ९५० आहे. म्हणजे टायर योग्य घेतला, माल कायद्यात भरला, तरी केवळ तेरा पौंड हवेने सगळा हिशेब उलटा केला. आणि तेरा पौंडांची कमतरता डोळ्यांना दिसत नाही. लाथ मारून किंवा काठी आपटून तर मुळीच कळत नाही. चांगला हवामापक स्वतःचा असावा. तो गाडीत डिझेलच्या पावतीइतका हाताशी हवा.

हवा नेहमी टायर थंड असताना, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, पहाटे निघण्यापूर्वी पाहावी. ६५ पौंडांच्या टायरात दर दहा अंश उष्णतेला दोन-अडीच पौंड वाढतात. मे महिन्याच्या दुपारी भरलेली गाडी पळाली की टायर तीस अंशांनी सहज तापतो आणि काटा सात-आठ पौंड वर दिसतो. ही वाढ टायर बनविणाऱ्याने गृहीत धरलेलीच असते. तिला घाबरून गगनबावड्यावर हवा सोडणे ही सर्वांत घातक चूक. गार झाल्यावर तोच टायर तितकाच कमी भरतो, आणि पुढची उतरण कमी हवेवर होते. तापलेला टायर आठ पौंडांपेक्षा पुष्कळच जास्त वर गेलेला दिसला, तर अर्थ उलटा घ्यावा. त्यात मुळात हवा कमी आहे किंवा गाडीत माल जादा आहे. उंचीमुळे पडणारा फरक म्हणाल तर ७०० मीटरला एक पौंडाच्या आसपास. त्याची चिंता नको.

जास्त हवेचेही दुखणे आहेच. अति तेथे माती. रिकाम्या गाडीत मागे पूर्ण हवा असली की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो. गाडी उड्या मारते, मध्यभाग लवकर झिजतो आणि पावसात लाल चिखलाच्या रस्त्यावर मागची बाजू घसरते. रोज भरून जाणे आणि रिकामे येणे असेल, तर दर खेपेला हवा काढणे-भरणे कोणी करणार नाही. अशांनी भरल्या गाडीची हवा ठेवावी आणि रिकाम्या गाडीचा वेग आवरावा. गाडी चार-आठ दिवस रिकामीच फिरणार असेल, तर मात्र रिकाम्या गाडीचा आकडा धरावा. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजण्याची निकड नाही. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन आहे. हवा कोणती यापेक्षा हवा किती, हे महत्त्वाचे.

उतार आणि किनारा

घाट उतरताना ड्रायव्हरने सतत ब्रेक दाबला की ब्रेकचे ड्रम तापतात. ती आच रिममार्गे टायरच्या कडेला पोचते. आधीच कमी हवेने तापलेल्या टायराला ही दुसरी झळ. म्हणून ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरावे, ब्रेक थांबून थांबून लावावा. पुढचा टायर उतारावर फुटला तर गाडी हातात राहत नाही. पुढे नेहमी चांगले टायर असावेत. रिमोल्ड केलेला टायर पुढे कधीही लावू नये. एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन अशी जोडीही लावू नये.

विजयदुर्ग-देवगड पट्ट्यात खाऱ्या हवेचा त्रास वेगळा. मासळीच्या गाडीतून बर्फाचे खारे पाणी ठिबकत मागच्या चाकांवर येते. रिमला गंज चढला की ट्यूबलेस टायरची कड नीट बसत नाही आणि हवा रोज थोडी थोडी निसटते. ते पाणी नळीने एखाद्या डब्यात घ्यावे, खेपेनंतर चाके गोड्या पाण्याने धुवावीत, टायर बदलताना रिम घासून रंगवून घ्यावी. वॉल्व्हची टोपी हरवू देऊ नये. ती वाळू आणि मीठ बाहेर ठेवते.

झीज वाचायलाही शिकावे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. मधोमध झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की नियमाप्रमाणे तो टायर रस्त्यावर चालत नाही. पावसाळ्यात घाटात जाणाऱ्याने तेवढीही वाट पाहू नये.

थोडक्यात

१. नेहमीचा माल भरून दोन्ही एक्सलांचे वजन एकदा तरी काट्यावर करावे.
२. एका टायरवर येणाऱ्या वजनापेक्षा निदान १५ टक्के जास्त पेलणारा, कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नसलेला टायर घ्यावा.
३. हवा थंड टायरात, मापकाने, पुस्तकातील आकड्याप्रमाणे भरावी. हंगामात आठवड्यातून दोनदा तपासावी. स्टेपनी विसरू नये.
४. तापलेल्या टायरची हवा सोडू नये.
५. टायरची ताकद वाढली म्हणून माल वाढवू नये.

विजयदुर्गच्या बंदरातून पूर्वी माल गलबतांनी जात असे. गलबत पाण्यात किती बसले हे काठावरून डोळ्यांना दिसते, म्हणून किती भरायचे आणि कुठे थांबायचे हे तांडेलाला कळते. मोठ्या जहाजांवर तर इंग्लंडात १८७६ सालच्या कायद्याने भाररेषाच आखायला लावली. रेघ पाण्याखाली गेली की माल जादा, वादच नको. आपला माल आता रस्त्याने, चार टायरांवर जातो. इथे पाणी नाही, पण रेघ आहे. ती टायरच्या बाजूवर आकड्यांत लिहिलेली आहे आणि हवेच्या मापकाने ती रोज तपासता येते. घाटाखालच्या सर्व सभासदांनी आंब्याची पहिली गाडी भरण्यापूर्वी ती एकदा वाचावी, आणि आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवावी, ही आग्रहाची विनंती.